वर जाणारा चेंडू आणि सहा मिनिटं

व्हिडिओ करून शिकवतो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, कॅमेरा कुठला? मग माइक कुठला, मग एडिटिंग कशात करतोस. काय शिकवतोस हे शेवटी, आणि तेही वेळ उरला तर. त्यामुळे सामानाची यादी आधीच देऊन टाकतो.

माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. अमेरिकेतल्या घरांत आत चालत जाता येईल एवढी कपाटं असतात. लटकवलेले जाड कोट आवाज शोषून घेतात, घुमू देत नाहीत. कोलोराडोच्या थंडीमुळे कोटांना तोटा नाही. स्टुलावर पांढरा कागद, दोन्ही बाजूंना पुस्तकांचे ढीग, त्यांच्यावर आडवी फळी आणि फळीच्या कडेला कॅमेरा बाहेर येईल असा पालथा ठेवलेला फोन. (ढिगांची उंची जुळवायला माझ्या पीएचडीच्या प्रबंधाच्या दोन प्रती कामी आल्या. त्यांचा एवढा उपयोग पूर्वी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. :)) मी उजव्या हाताने लिहितो, म्हणून दिवा डावीकडे, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या अक्षरावर पडते. मार्कर जाड, कारण बारीक रेघ फोनच्या पडद्यावर दिसतच नाही. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रिज बंद. संपली यादी. खर्च दिव्याचा आणि मार्करचा.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

दिवसा मी रिसर्च इंजिनियर आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात सुरुवातीचं भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात नर्सिंगला जाऊ पाहणारे, आगीच्या बंबावर काम करणारे, दिवसभर वायरिंग करून आलेले असे सगळे. आपल्याकडच्या नाईट स्कूलची आठवण व्हावी असा वर्ग. कोणाची शिफ्ट बदलली की तो आठवडाभर गायब. परत आला की चेहऱ्यावर हरवल्याचा भाव. अशांसाठी मी धडे रेकॉर्ड करायला लागलो.

यात माझी कल्पकता शून्य. डेन्व्हरच्या दक्षिणेला, कोलोराडो स्प्रिंग्जहून पाइक्स पीकच्या बाजूने वर चढलं की वुडलँड पार्क नावाचं छोटं गाव लागतं. तिथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवायचे. डोंगरातलं गाव. खेळांचे सामने दूरदूरच्या शाळांशी, त्यामुळे मुलं वर्ग बुडवून बसमध्ये. २००७ मध्ये या दोघांनी आपले तास कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी मांडणीच उलटी केली. व्याख्यान घरी बघायचं आणि गृहपाठ वर्गात, मास्तर शेजारी असताना करायचा. आज जगभर ज्याला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात त्याच्या प्रसाराला या गावातून मोठा हातभार लागला. मुळात प्रश्न होता मॅचला गेलेल्या पोरांचा!

सलमान खानची (आपला नव्हे, खान अकॅडमीवाला) गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. २००४ मध्ये तो बॉस्टनमध्ये, त्याची नात्यातली बहीण नादिया न्यू ऑर्लिन्समध्ये. तिला गणित अडलं म्हणून हा फोनवरून शिकवायला लागला. मग इतर भावंडं जमली, वेळा जुळेनात, म्हणून २००६ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकले. काळा पडदा, रंगीत अक्षरं, मागून आवाज. माणूस दिसतसुद्धा नाही. भावंडांनी त्याला कळवलं की तू प्रत्यक्षात शिकवतोस त्यापेक्षा यूट्यूबवर जास्त आवडतोस. हे त्याने २०११ च्या टेडच्या भाषणात सांगितलंय. सुरुवातीला हा विनोद वाटतो, पण त्यात अर्थ आहे. व्हिडिओला तेच ते पाचव्यांदा विचारलं तरी तो उसासा टाकत नाही. मोठ्या भावाला ते जमेलच असं नाही.

तर दूरच्या भावंडाला शिकवणं ही या प्रकाराची जन्मकथाच आहे. माझ्या बाबतीत ते भावंड म्हणजे भाची. सातारा जिल्ह्यात, मराठी माध्यमात, नववीला. इथे शनिवारची सकाळ असते तेव्हा तिची संध्याकाळ. उन्हाळ्यात आमच्यात साडेअकरा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेबाराचा. तेवढ्यात तिच्या बाबांचा फोन तिच्या हातात आलेला असतो.

एका शनिवारी ती म्हणाली, "मामा, गतीचे नियम झाले. ॲपवर बघितलं सगळं, एकदम क्लिअर."

कुठलं ॲप ते सोडा. मीही तो धडा पाहिला. देखणा होता. रॉकेट, क्रिकेट, मागे संगीत, आवाज सिनेमातल्यासारखा. चुकीचं एक अक्षर नव्हतं त्यात. तिला तिन्ही नियम पाठ होते, शब्दन् शब्द.

मी विचारलं, "चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. हवेचं सोडून दे. आता त्याच्यावर कुठलं बल आहे, आणि कुठल्या दिशेला?"

"वरच्या दिशेला. आपण फेकलाय ना."

"आणि अगदी वर पोचल्यावर?"

"तिथे दोन्ही सारखे होतात. मग खालचं जिंकतं."

उत्तर चूक आहे. हातातून सुटल्याक्षणी हाताचा संबंध संपला. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना, तिन्ही वेळा बल एकच आहे, गुरुत्वाचं, खालच्या दिशेने. हेच तर पहिले दोन नियम सांगतात, जे तिने नुकतेच घडाघडा म्हणून दाखवले होते. पुढच्या मंगळवारी मी हाच प्रश्न माझ्या संध्याकाळच्या वर्गात टाकला. आगीच्या बंबावरच्या बाप्याने आणि साताऱ्याच्या पोरीने अगदी एकच उत्तर दिलं. भाषा तेवढी वेगळी.

यावर एक पीएचडी झालेली आहे. आज 'व्हेरिटासियम' या नावाने लाखो लोक ज्याचे व्हिडिओ बघतात त्या डेरेक मुलरने २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात हाच विषय घेतला होता. फिजिक्सचे व्हिडिओ बघून खरंच काय होतं? त्याने एका गटाला सुटसुटीत, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ दाखवला. आधीच्या परीक्षेत २६ पैकी सरासरी ६ गुण होते, पाहिल्यानंतर ६.३. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण मुलं म्हणाली, व्हिडिओ अगदी स्पष्ट होता, सोपा होता. आणि आपल्या (चुकीच्या) उत्तरांबद्दलची त्यांची खात्री मात्र वाढली होती! दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी लोकांच्या मनातली चुकीची उत्तरं मांडली, मग ती का टिकत नाहीत ते दाखवलं. ही मुलं म्हणाली, गोंधळ झाला, डोकं चालवावं लागलं. त्यांचे गुण ६ वरून ११ वर गेले.

याचं कारण विचार केला तर साधं आहे. बघणाऱ्याच्या डोक्यात एक उत्तर आधीच असतं. पडद्यावरचा माणूस ओळखीचे शब्द बोलतो, की वाटतं, हं, हे तर मला माहीतच आहे. लक्ष सैल पडतं. जे सांगितलं ते ऐकूच येत नाही, आपल्या मनातलंच ऐकू येतं. वर व्हिडिओ जितका गुळगुळीत तितकं हे घसरणं सोपं.

मराठीत तर आणखी एक गंमत आहे. पुस्तकात शब्द आहे 'बल'. घरात, मैदानात कोणी बल म्हणत नाही, आपण 'जोर' म्हणतो. आणि जोर ही चीज चेंडूत जाऊन बसते! "जोर लावून फेक", "चेंडूला जोर नव्हता", "आता त्याचा जोर संपला". पोरांनी 'बल' हा शब्द पाठ केला, पण आत अर्थ ठेवला जोराचा. मग हाताने दिलेला जोर वाटेत संपत जातो आणि संपला की चेंडू खाली येतो, हे अगदी सरळच झालं.

आणि यात कमीपणा काही नाही बरं का. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्युरिदाँ नावाच्या मोठ्या विद्वानाने हेच मांडलं होतं. फेकणारा वस्तूला एक 'इम्पेटस' देतो, तो तिला पुढे नेत राहतो. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने त्याच दिशेने विचार केला होता. तिथून गॅलिलिओ आणि न्यूटनपर्यंत यायला माणसाला शेकडो वर्षं लागली. भाचीने एका तासिकेत यावं ही अपेक्षा आपली. ती चुकत नव्हती, ब्युरिदाँपर्यंत स्वतःच्या पायाने पोचली होती. पुढचा रस्ता तिला कोणी दाखवला नव्हता एवढंच.

हे इतकं मनाला लावून घेण्यासारखं आहे का? मला वाटतं आहे. मराठी माध्यमाची ही मुलं दहावीनंतर सायन्सला गेली की सगळं इंग्रजीत. तिथे अडखळली की घरचे, दारचे सगळे म्हणतात, इंग्रजी कच्चं. इंग्रजी कच्चं असतंच, पण ते वर्षभरात सुधारतं. शब्दांखाली कल्पनाच नसेल, तर भाषांतर कशाचं करणार? मग हुशार पोर निमूटपणे ठरवून टाकतं की हे आपलं काम नाही. अशी निमूट झालेली मुलं मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला शेजारच्या बाकावर पाहिली आहेत. त्यांनीही नववीत कधीतरी 'कळलं' म्हटलेलं असणार.

भाचीसाठी धडा करायचं ठरलं तेव्हा मी आईला फोन लावला. आई निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं. तिची एक पद्धत होती. पोरांची चुकीची उत्तरं नाव न घेता फळ्यावर लिहायची आणि म्हणायची, "हे बरोबर मानू. मग पुढं काय होईल?" मुलरचा प्रबंध तिने वाचलेला असण्याचं कारण नाही. मी तिला बेत सांगितला, की आधी चुकीचं उत्तर मांडणार, मग खोडणार. ती म्हणाली, "अरे, पण ते चुकीचं उत्तर तुझ्या शब्दांत नको. पोरांनाच विचार."

म्हणून भाचीला कामाला लावलं. तिने वर्गातल्या अकरा जणांना चेंडूचा प्रश्न विचारून उत्तरं फोनवर रेकॉर्ड केली. बरोबर उत्तर सांगायचं नाही अशी ताकीद होती. तो खजिनाच निघाला. एक म्हणाला, वर जाताना गुरुत्वाकर्षण 'अजून लागलेलं नसतं'. एक म्हणाली, हाताचा जोर आणि पृथ्वीचा जोर यांची रस्सीखेच चालते. अकरापैकी आठ जणांना वर ढकलणारं काहीतरी दिसत होतं.

धड्यात मी त्यांचीच वाक्यं कागदावर लिहिली. मग दोन प्रश्न. पहिला, प्रत्येक बलाला देणारा कोणीतरी असतो. खाली ओढणारी पृथ्वी. वर ढकलणाऱ्याचं नाव सांग. हात? तो तर खाली राहिला, चेंडूला शिवतही नाही. दुसरा, टोकाला दोन्ही सारखे होतात म्हणतेस ना, चेंडू तिथे क्षणभर थांबतो हेही खरं. पण थांबलेला चेंडू आणि दोन्हीकडून सारखी ओढ, असं असेल तर तो खाली कशाला येईल? तिथेच लटकून राहायला हवा!

मग पुरावा. फोनवर स्लो मोशनमध्ये चेंडू उडवला आणि ठरावीक अंतराने चित्र थांबवून कागदावर त्याची जागा ठिपक्याने मांडली. वर जाताना ठिपक्यांमधलं अंतर कमी होत जातं, खाली येताना वाढत जातं, आणि दोन्हीकडे बदलाचं पाऊल सारखंच. दर सेकंदाला वेगात सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंदाचा फरक, चढतानाही आणि उतरतानाही. आपला जोर हळूहळू संपत असता तर पाऊल बदलत गेलं असतं. ठिपके बदलत नाहीत, म्हणजे बल बदलत नाही. एवढाच धडा. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

लांबीबद्दल थोडं सांगायला हवं. २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एडएक्सच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, माणूस साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाही असं दिसलं. छापील स्लाइडपेक्षा हाताने काढत जाणारी रेघ जास्त वेळ पाहिली जाते, आणि महागड्या स्टुडिओपेक्षा मास्तर आपल्या टेबलाशी बसून बोलला तर ते लोकांना जास्त धरून ठेवतं. माझ्यासारख्या कपाटवाल्यांना याचा केवढा आनंद झाला असेल कल्पना करा. अर्थात किती वेळ पाहिलं हे त्यात मोजलंय, किती शिकले हे नव्हे. पण हाताचं तेवढं पटतं. स्लाइडवर उत्तर आयतं येतं. लिहिणारा हात मध्ये थांबतो, वळतो, आणि बघणाऱ्यालाही तेवढाच वेळ मिळतो.

साधेपणाच्या बाबतीत पुण्याचे अरविंद गुप्ता आपल्या सगळ्यांचे गुरू. आयआयटी कानपूरचा इंजिनियर, नोकरी सोडून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांत बसला. 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ केले, मराठीतसुद्धा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या व्हिडिओंत दोन हात आणि कचऱ्यातल्या वस्तू एवढंच दिसतं. बघणारं पोर उठतं आणि काड्या शोधायला लागतं. व्हिडिओ संपल्यावर पोराने काय केलं, यावर तो व्हिडिओ जोखायचा असतो.

एवढं असूनही व्हिडिओची एक उणीव भरून निघत नाही. त्याला चेहरा दिसत नाही. वर्गात मी 'गुरुत्वाकर्षण' म्हणतो आणि तिसऱ्या रांगेतली भुवई वर गेली की तिथेच थांबतो. कागदाकडे बघणाऱ्या फोनला भुवई कुठली? म्हणून मी तिसऱ्या मिनिटाला म्हणतो, "थांब. तुझं उत्तर वहीत लिही." आणि वीस सेकंद गप्प बसतो, कारण सांगून कोणी थांबवत नाही. रेकॉर्डिंग करताना ते वीस सेकंद भलतेच लांब वाटतात.

भाचीने तो धडा तिच्या सरांना पाठवला. महिनाभराने सरांचा फोन आला. मी मनाची तयारी केली होती, की परदेशात बसून आम्हाला काय शिकवता असं काहीतरी ऐकावं लागणार. सर म्हणाले, "तुमचा व्हिडिओ मी वर्गात अर्धाच दाखवतो. ते 'थांब' आलं की बंद करतो. पुढं पोरंच भांडतात. तास संपतो, पण भांडण संपत नाही. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी."

मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. चेहरे सरांना दिसतात, मला नाही. भांडण कधी तापू द्यायचं आणि कधी आवरायचं हे त्यांना कळतं. मी साडेआठ हजार मैलांवरून फार तर काडी पेटवून देऊ शकतो. तेव्हापासून मी धडे अर्ध्यात तोडता येतील असेच करतो. पहिला अर्धा प्रश्नाचा, दुसरा पुराव्याचा, आणि पहिला चांगला जमला तर दुसऱ्याची गरज कमी पडते.

भाचीला मी चेंडूबद्दल पुन्हा विचारलं नाही. पण परवा तिच्या धाकट्या भावाने कॅच सोडली आणि म्हणाला, "लई जोर होता बॉलला." मागून तिचा आवाज आला, "जोर नाही, वेग होता." कानाला फार बरं वाटलं.

आता विद्युतधारेचा धडा करायचा आहे. तिथे आपली भाषा आणखी वस्ताद. आपल्याकडे पंखा लाईट 'खातो', हिटर तर फारच खातो. मग बल्बच्या एका टोकाने शिरलेली धारा दुसऱ्या टोकाने कमी होऊन बाहेर पडते, असं पोरांना वाटणारच. प्रत्यक्षात जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते. संपत काहीच नाही, ऊर्जा तेवढी बल्बकडे जाते. भाचीने वर्गात फिरून उत्तरं गोळा केली आहेत. चौदा आली. त्यातलं हे एक मी दोनदा ऐकलं:

"वीज बल्बमध्येच संपते. संपत नसती तर बिल कशाचं आलं असतं?"

या मुलाला सहा मिनिटांत काय दाखवायचं, याचा विचार चालू आहे.